घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

वस्तीत कुणी मोठ्यानं घोरायला लागलं की घरातले हसतात. "दिवसभर राबलाय, कसा गाढ झोपलाय बघा," असं म्हणतात. आम्ही वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, आता घरोघर फिरतो. त्या अनुभवावरून सांगतो, घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण नाही.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते. श्वासाची वाट अरुंद होते आणि आत-बाहेर करणाऱ्या हवेनं पडजीभ व टाळूचा मऊ भाग थरथरतो. तोच आवाज म्हणजे घोरणं. चोंदलेलं नाक, वाढलेले टॉन्सिल, मानेभोवतीची चरबी, विडी-सिगारेट यांनी ते वाढतं. दारूनं स्नायू आणखी ढिले होतात. पाचवं शील रात्रीच्या श्वासालाही लागू आहे, असं आम्ही म्हणतो ते म्हणूनच.

साधं घोरणं घरच्या घरी कमी होऊ शकतं. कुशीवर झोपा. डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवा. वजन उतरवा. नाक चोंदत असेल तर उपचार घ्या. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पण घोरता घोरता आवाज एकदम थांबत असेल, 10 सेकंद किंवा जास्त श्वास अडून माणूस गुदमरल्यासारखा दचकत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्यात रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या. रिक्षा-ट्रक चालवणाऱ्याची एक डुलकी म्हणजे अपघात.

हे सगळ्यात आधी कळतं ते शेजारी झोपणाऱ्या बाईला. एका खोलीच्या घरात ती रात्र-रात्र जागी असते. तिनं सांगितलं तर "तुझं काहीतरीच" म्हणून उडवून लावतात. आमचं मत स्पष्ट आहे: तिचं सांगणं हीच पहिली तपासणी. बायकाही घोरतात, पाळी गेल्यावर जास्त. पण लाजेनं बोलत नाहीत. त्यांनीही बोलावं.

आणि लेकरं? रोज तोंड उघडं ठेवून घोरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. रात्री नीट झोप नाही, म्हणून वर्गात लक्ष नाही. आणि आपण त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो. शिक्षणासाठी एवढा झगडलेला आपला समाज. त्यानं तरी पोराला मारण्याआधी त्याचा घसा दाखवून आणावा.

सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा. रात्रीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या, डॉक्टरांना ऐकवा. झोपेची तपासणी किंवा श्वासाचं मशीन सांगितलं तर खर्चाच्या भीतीनं परत फिरू नका; तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना मदतीचं विचारा. विचारणं हा आपला हक्क आहे.