हात बसला, पण पद्धत तपासली का?

नवे औषध बाजारात आणायचे तर चाचण्यांचे टप्पे आणि सरकारी परवानगी चुकत नाही. नव्या शस्त्रक्रियेला अशी चाळणी नाही. सर्जन परिषदेत एखादी पद्धत पाहतो, कार्यशाळेत हात बसवतो आणि पुढच्या आठवड्याच्या यादीत ती येते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीतून गर्भाशय काढण्याची पद्धत अशीच जगभर रुळली. टाके लहान, रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर घरी. मग विचारायचे काय? उत्तर मिळाले तेव्हा 2018 साल उजाडले होते. 33 रुग्णालयांतल्या 631 स्त्रियांची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून तुलना झाली. साडेचार वर्षांनी पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 96.5 टक्के रोगमुक्त होत्या, दुर्बिणीच्या गटात 86 टक्के. लवकर घरी जाणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे कळायला एवढा उशीर लागला.

म्हणून माझे म्हणणे असे, की शस्त्रक्रियेतल्या बदलाची निष्पक्ष तुलना करणे हा रुग्णसेवेचाच भाग मानावा आणि त्याची सुरुवात सार्वजनिक रुग्णालयांनी करावी. हे आपल्याकडे जमते, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दाखवले आहे. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग हे आपल्याकडचे जुने दुखणे. गाठ लहान आणि मानेत हाताला काहीच लागत नसेल, तर मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढाव्यात की वाट पाहावी, यावर सर्जनांत दोन तट होते. ग्रंथी काढताना खांद्याची नस दुखावली तर हात वर उचलणे जड जाते, तेव्हा वाट पाहणाऱ्यांचे म्हणणेही काही चुकीचे नव्हते. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने 500 रुग्णांचे निष्कर्ष 2015 मध्ये मांडले: ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. तोवर कोणत्या रुग्णाच्या वाट्याला काय येणार, हे तो कोणत्या सर्जनच्या ओपीडीत शिरला यावर ठरत होते.

‘गरीब रुग्णांवर प्रयोग नकोत’ हा आक्षेप गंभीर आहे. भारतात औषधचाचण्यांत संमतीची थट्टा झाल्याचे आरोप झाले आहेत, ते विसरता येणार नाहीत. मात्र दोन सर्जन सवयीने दोन वेगळ्या पद्धती वापरतात, तेव्हाही प्रयोग चालूच असतो; फक्त त्याची नोंद होत नाही आणि रुग्णाला तो कळवला जात नाही. लेखी संमती आणि नीतिसमितीची देखरेख असलेली तुलना त्याहून नक्कीच प्रामाणिक. दुसरा आक्षेप सर्जनांचाच: निकाल पद्धतीचा नसतो, हाताचा असतो. त्यात तथ्य आहे, म्हणूनच गर्भाशयमुखाच्या त्या चाचणीत सर्जनांकडून आधीच्या शस्त्रक्रियांचा तपशील आणि चित्रफिती मागवून मगच त्यांना सामील करून घेतले होते. कसबी हातांनीही निकाल बदलला नाही.

राहिला पैसा आणि वेळ. भारतासह सात देशांत 13 हजारांहून अधिक रुग्णांवर एक साधा प्रश्न तपासला गेला: पोट शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि निर्जंतुक हत्यारांचा नवा संच घेतला तर? जखमेत पू होण्याचे प्रमाण 18.9 वरून 16 टक्क्यांवर आले. इथे महागडे यंत्र नव्हते, लागली ती शिस्त आणि तीस दिवसांनी रुग्णाची जखम कशी आहे याची चौकशी. आपल्याकडे घोडे अडते ते या चौकशीपाशी. डिस्चार्ज कार्ड हातात पडले, रुग्ण गावी गेला, की टाके पिकले तर तो तालुक्याच्या डॉक्टरकडे जातो आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचे ठरावीक दराने पैसे मिळतात आणि त्यासाठी कागदपत्रे चढवावीच लागतात. त्यात तिसाव्या दिवशीच्या एका फोनची नोंद सक्तीची करायला नवा कायदा लागणार नाही.