शोकेसची काच आणि आईचे चार टाके

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या हॉलमधल्या शोकेसची मधली काचेची फळी फुटली. कुणी काही आपटलं नाही, कुणाचा बॉल लागला नाही. आई पाहुण्यांसाठी कपबश्या काढत होती. तिने खालच्या कप्प्यात हात घातला आणि वरची फळी मधोमध तुटून खाली आली. एक लांब, सुरीसारखा तुकडा तिच्या मनगटाजवळ लागला. चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, शीर जवळच होती.

आता खरं सांगायचं, तर त्या फळीवर माझी पुस्तकं होती! फर्स्ट इयर, सेकंड इयरची जाडजूड टेक्स्टबुकं, जर्नल्स, झेरॉक्सचे गठ्ठे... होस्टेलला जागा नाही म्हणून मीच ती रचून ठेवली होती. आणि मी कोण? तर सिव्हिलची विद्यार्थिनी! सिम्पली सपोर्टेड बीमचं गणित मला परीक्षेत पूर्ण मार्कांचं आलं होतं. पण आपल्याच घरातली काचेची फळी हासुद्धा बीमच असतो, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

आईचा हात बांधलेला, बाबा ऑफिसला. त्यामुळे नवीन काच आणायचं काम माझ्याकडे आलं. टेपने माप घेतलं, ७३० मिलिमीटर, आणि मोठ्या तोऱ्यात काचेच्या दुकानात गेले.

काचवाले काका म्हणाले, "इंचात सांगा ताई."

"ट्वेंटी एट अँड थ्री क्वार्टर."

"म्हणजे पावणेएकोणतीस."

मी गप्प. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाइन की थर्टी नाइन, हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं, त्यात पुढे ते पावणे! काका हसले आणि पुढचा प्रश्न टाकला, "हे माप कपाटाचं की काचेचं?" मी म्हटलं, कपाटाचं. "मग दोन सूत कमी करू. आणि पुढे, मागे, मध्ये तिन्ही ठिकाणी मोजलं का? लाकडी कपाट कधी सरळ नसतं. सगळ्यात कमी भरेल ते माप धरायचं." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हेही मला तिथेच कळलं. क्लिअरन्स आणि टॉलरन्सवर व्हायव्हात पाच मिनिटं बोलणारी मी, परत घरी जाऊन तीन मापं घेऊन आले. मागची बाजू पुढच्यापेक्षा एक सूत कमी भरली!

सोबत फुटलेल्या काचेचा एक तुकडा नेला होता. काकांनी तो बोटांत धरून सांगितलं, "ही तर चार एमएमची. शोपीस ठेवायला ठीक आहे हो, पुस्तकं कशी ठेवली यावर?"

त्या रात्री मी वही काढली. पुस्तकं वजनकाट्यावर ठेवली, १४ किलो भरली. काच सुमारे २९ इंच लांब, १० इंच रुंद, ४ मिलिमीटर जाड, दोन्ही टोकांना आधार. बेंडिंग स्ट्रेस आला २१ मेगापास्कलच्या आसपास. साध्या काचेवर वजन कायमचं राहणार असेल, तर सात-आठ मेगापास्कलच्या पुढे जाऊ नये असं धरतात. म्हणजे जवळजवळ तिप्पट! मग ती इतके दिवस टिकली कशी? काचेचं तेच तर आहे. लोखंड आधी वाकतं, आपल्याला इशारा देतं. काच वाकून दाखवत नाही. तिच्या कडेला बारीक ओरखडे असतात. वजन कायम असलं की हवेतल्या ओलाव्यामुळे ते हळूहळू आत सरकत राहतात आणि एक दिवस, काही निमित्त नसताना, काच जाते. काचेची ताकद अशा बारीक भेगा ठरवतात, हे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली छापलेल्या निबंधात काचेवरच प्रयोग करून मांडलं. काचवाले काकाही रोज तेच वापरतात. हिरा फिरवून एक ओरखडा काढायचा आणि हलकेच दाब द्यायचा, काच बरोब्बर त्या रेषेवर तुटते.

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, "आठ एमएम द्या." जाडी दुप्पट केली की ताकद चौपट होते आणि वाकणं एक अष्टमांश. तेवढंच वजन ठेवलं तरी स्ट्रेस सहाच्या आत येतो. गणित सुटलं! पण काकांनी विचारलं, "साधी की टफन?"

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. आपण इंजिनिअरिंगची मुलं एकच प्रश्न विचारायला शिकतो, तुटेल की नाही? फॅक्टर ऑफ सेफ्टी लावला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या, झालं. पण "तुटलीच तर कशी तुटेल, आणि तेव्हा समोर कोण असेल?" हा प्रश्न कुणी विचारत नाही. साधी ८ मिलिमीटरची काच ४ पेक्षा पुष्कळ दणकट. पण तिच्यावर कुणी पितळेची समई आपटली तर तीही सुरीसारखीच फुटणार, आणि तुकडे दुप्पट जड.

टफन काच म्हणजे काय, तर साधी काच हवी तशी कापून, कडा घासून, ६०० अंशांच्या वर तापवायची आणि हवेच्या झोताने झटकन थंड करायची. पृष्ठभाग आधी गार होऊन घट्ट होतो, आतला भाग नंतर आकसतो. त्यामुळे वरचा थर कायम दाबाखाली राहतो आणि बारीक भेगांना तोंड उघडता येत नाही. साध्या काचेच्या चार-पाच पट ताकद येते. शिवाय फुटली तर तिचे बोथट, खडीसाखरेएवढे दाणे होतात. गाडीच्या बाजूच्या काचेचे असे दाणे आपण रस्त्यावर पाहिलेले असतात.

टफन म्हणजे जादू नाही, हेही सांगते. ती साध्या काचेइतकीच वाकते, म्हणून जाडी लागतेच. कडेला टणक वस्तूचा फटका बसला तर अख्खी काच एका क्षणात जाते आणि वरचं सामान खाली येतं. आणि एकदा भट्टीतून निघाली की तिला हिरा लावता येत नाही. माप चुकलं तर काच वाया! सूत आणि पावणेचं महत्त्व तेव्हा खरं पटलं.

बाबा म्हणाले, "दुप्पट पैसे? त्यापेक्षा प्लायवूडची फळी टाक, विषय संपला." त्यांचं चूक नव्हतं. पुस्तकं ठेवायची असतील तर प्लायवूडच बरं. पण आईला शोकेसमध्ये उजेड हवा होता. शेवटी ८ मिलिमीटरची टफन सांगितली, आधाराच्या खुंट्या बदलल्या, धातू थेट काचेला लागू नये म्हणून वर रबर लावले, आणि माझी पुस्तकं लाकडी कपाटात गेली. काच बाहेरगावाहून टफन होऊन यायला आठ दिवस लागले. सूत न सूत बरोबर बसली.

पण या लेखाचं खरं कारण वेगळंच आहे. काच फुटली त्या संध्याकाळी मी सगळे तुकडे कॅरीबॅगमध्ये भरले आणि सकाळच्या घंटागाडीसाठी दाराशी ठेवले. आई दवाखान्यातून आली होती, हाताला हे एवढं बँडेज. तिने पिशवी पाहिली आणि म्हणाली, "अगं, गाडीवरचा माणूस हात घालतो त्यात. आधी जाड कागदात गुंडाळ, खोक्यात भर, वर मोठ्या अक्षरांत काच लिही." ज्या बाईच्या हाताला नुकतेच टाके पडले होते, तिला आधी घंटागाडीवाल्याचा हात आठवला. आणि मला, डिझाइन शिकणाऱ्या मुलीला? मला कचरा दाराबाहेर गेला की गणित संपलं असं वाटत होतं.

होस्टेलला परत आल्यावर आमच्या मजल्यावरच्या मावशींना विचारलं. त्यांनी काही न बोलता उजव्या हाताची दोन बोटं दाखवली. एक व्रण आरशाच्या तुकड्याचा, एक सॉसच्या बाटलीचा. दोन्ही आपल्याच डस्टबिनमधले.

रूममेट म्हणते, एका फळीसाठी किती लिहिशील! पण विचार करा. आर.सी.सी. बीममध्ये आपण स्टील मुद्दाम मर्यादित ठेवतो, म्हणजे काँक्रीट अचानक चिरडण्याआधी स्टील ताणलं जाईल, भेगा दिसतील आणि आतल्या माणसांना बाहेर पळायला वेळ मिळेल. प्रेशर कुकरच्या झाकणात सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो आधी जातो म्हणून कुकर फुटत नाही. म्हणजे वस्तू निकामी कशी व्हावी हेसुद्धा कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. पेपरात आपण ते पाठ लिहितो. घरात, होस्टेलमध्ये मात्र विसरतो.

म्हणून माझं मागणं छोटंसं आहे. रेक्टर मॅडम आणि सर, प्रत्येक मजल्यावर काचेसाठी एक वेगळं पुठ्ठ्याचं खोकं ठेवू या, वर मराठीत मोठ्या अक्षरांत "काच" लिहून. खोकी आणून ठेवायचं काम आम्ही मुली करू. आणि मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी गेलात की शोकेसच्या फळ्यांची जाडी एकदा मोजा, आणि त्यांवर काय काय रचलंय तेही बघा. जुनी जर्नल्स असतील तर आधी ती उतरवा!

आईचे टाके निघाले, व्रण राहिलाय. ती म्हणते, "जाऊ दे गं, आता त्याचं काय." मला मात्र बीमचं कुठलंही गणित सोडवताना तो दिसतो.