घोडा तोच, रुपया तोच. गुन्हा मात्र कुंपणाबाहेरच्याचा

घोड्यांची शर्यत हा खेळ की जुगार, यावर अधूनमधून चर्चा झडते. आमच्या मते प्रश्नच चुकीचा मांडला जातो. एकच कृती कोणी केली आणि कुठे केली, यावरून ती प्रतिष्ठेची की गुन्ह्याची हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा खरा प्रश्न आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात सांगितले की घोड्याचा वंश, त्याची तयारी, जॉकीचा अनुभव यांचा अभ्यास करावा लागतो. म्हणून शर्यतीवर पैसे लावणे हे नशिबाचे नव्हे, कौशल्याचे काम आहे. क्षणभर मान्य करू. आता १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा वाचा. शर्यतीवरील पैजेला त्यात सूट आहे, पण ती १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखालील परवानाधारक आवारात लावली तरच. त्याच घोड्यावर, तोच अभ्यास करून, महालक्ष्मीच्या रस्त्यावरच्या माणसाने पानवाल्याकडे शंभर रुपये लावले तर तो गुन्हेगार. मग कौशल्य गेले कुठे? मधे आहे ते फक्त कुंपण. ज्यांच्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर आयुष्य काढले, त्यांना कुंपणाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गैरसमज नको. आम्ही मटक्याचे वकील नाही. पगाराचा पैसा आकड्यावर उडाला की घरात चूल कशी विझते, हे वस्तीत काम करताना आम्ही रोज पाहतो. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात संपत्तीच्या नाशाच्या सहा वाटांमध्ये जुगार सांगितला आहे. त्यात श्रीमंतांच्या जुगाराला सूट दिलेली नाही. आमची मागणी एवढीच, की मोजमाप एक असावे.

आता नियमन पाहा. अश्वारोहणाला राष्ट्रीय महासंघ आहे; शर्यतींना तसा नाही. शासन रेसकोर्सला परवाना देते, पण आतला कारभार क्लबचा. ट्रेनर आणि जॉकीचे परवाने क्लब देतो, शर्यतीचे नियम क्लबचे, चौकशी आणि शिक्षाही क्लबचे स्टुअर्ड करतात. क्लबच्या सदस्यांत घोड्यांचे मालकही असतात. म्हणजे खेळाडू, पंच आणि न्यायाधीश एकाच पंगतीत! पहाटे उठून लीद काढणारा, खरारा करणारा, दाणा-वैरण घालणारा मोतद्दार मात्र त्या पंगतीत नाही. घोड्याची वंशावळ छापून ठेवली जाते. मोतद्दाराचे नावही कोणाला ठाऊक नसते.

आणि जमीन? महालक्ष्मी रेसकोर्सची जागा शासनाची आणि महापालिकेची. भाडेपट्टा २०१३ साली संपला, तरी शर्यती थांबल्या नाहीत. पुढे २०२४ मध्ये वाटाघाटी होऊन सुमारे १२० एकर उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे, असे ठरले. वाटाघाटी करण्यात गैर काही नाही. पण २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणे हटवण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा भूमिहीनांशी अशा वाटाघाटी झाल्या का? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला, तेव्हा लोकांनी तुरुंग भरले. एकाच राज्यात मुदत संपलेल्या पट्ट्याला सबुरी आणि पोटापुरत्या तुकड्याला नोटीस, ही समता नव्हे.

तामिळनाडूने १९८६ साली मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्याचा कायदा केला होता. १९९६ च्या त्याच निकालात तो रद्द झाला. म्हणून आम्ही क्लब ताब्यात घ्या असे म्हणत नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. शर्यतींवर कायद्याने नेमलेले स्वतंत्र नियामक मंडळ हवे. त्यात मोतद्दारांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत. सार्वजनिक जमिनीवरच्या क्लबचे हिशेब जनतेपुढे हवेत. आणि पैज कौशल्याची की जुगाराची, हे कृतीवरून ठरावे, कुंपणावरून नव्हे.

संविधानाचे कलम १४ कायद्यापुढे समानता सांगते. ते रेसकोर्सच्या फाटकाच्या आत आणि बाहेर सारखेच लागू आहे.

जय भीम!