हातखर्च कुणाच्या हातात?

पूर्वी पाहुणे निघताना मुलांच्या हातावर पैसे ठेवत. मूल 'नको, नको' म्हणे, आई 'घे रे, मामा देताहेत' म्हणे, आणि मामांची रिक्षा वळणाआड गेली की ते पैसे आईच्या पर्समध्ये जमा होत. 'हरवशील, मी ठेवते.' हे खातं केव्हा उघडलं आणि केव्हा बंद झालं, याचा पत्ता कुठल्याच मुलाला कधी लागला नाही. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे खरी, पण मुलांच्या पैशांकडे पाहण्याची आपल्या घरांची रीत तीत पुरती उतरली आहे. मुलांवर खर्च करायला आपण मागेपुढे पाहत नाही. त्या पैशांचं काय करायचं हे त्यांनी ठरवायचं म्हटलं, की मात्र आपला हात आखडतो.

आयुष्याची छत्तीस वर्षं मी बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही ठिकाणी माणसं पैशांशी कशी वागतात हेच पाहत आले. त्यामुळे ओळखीतल्या घरांतून हातखर्चाचा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो, आणि तो नेहमी रकमेचा असतो. 'आठवीतल्या मुलाला किती द्यावेत हो?' मी सांगते, आधी एक महिना टिपण ठेवा. माझ्या भाचीनं ठेवलं. मुलगा दहावीत. कॅन्टीन ४८० रुपये, क्लासबाहेरची भेळ नि पॅटिस ३१०, मित्रांचे वाढदिवस २००, केस कापणं १००, झेरॉक्स आणि पेनं ९०. एकूण ११८०. ही तीच भाची, जी मला म्हणाली होती, 'मावशी, आम्ही त्याला पॉकेटमनी देतच नाही.' देत होती की! दहा-वीस-पन्नासच्या तुकड्यांत, रोज एकदा कुरकुर करून देत होती.

मग ठरलं असं, की एक तारखेला १२०० रुपये त्याच्या हातात द्यायचे आणि हे पाच खर्च त्याचे. शाळेची फी, पुस्तकं, बसचा पास, औषधपाणी घराकडे. ही वाटणी कागदावर लिहून काढणं रकमेपेक्षा महत्त्वाचं असतं, कारण पुढची सगळी भांडणं 'हे माझ्यातून का?' यावरूनच होतात. लहान मुलांना, म्हणजे बारा-तेराच्या, मी आठवड्याचे पैसे द्यायला सांगते. त्या वयाला तीस तारीख फार लांब असते. सोळाव्या वर्षी महिना पेलतो.

पहिल्याच महिन्यात पठ्ठ्यानं सातशे रुपयांची फुटबॉलची जर्सी घेतली आणि १९ तारखेला खिसा रिकामा. २४ तारखेला जिवलग मित्राचा वाढदिवस. भाचीचा फोन आला, 'देऊ का दोनशे?' मी म्हटलं, नको. पण तोवर आजीनं गुपचूप दिलेही होते. आजी ही प्रत्येक घरातली रिझर्व्ह बँक असते, बुडणाऱ्याला शेवटचा आधार. माझाही आता आज्यांच्या वयात प्रवेश झाला आहे, तेव्हा हे बोलायचा मला अधिकार आहे. आज्यांनो, लाडू द्या, गोष्टी सांगा, दिवाळीला कपडे घ्या. १९ तारखेला पैसे देऊ नका. सगळं शिक्षण त्या उरलेल्या अकरा दिवसांतच असतं. कॅन्टीनऐवजी डबा न्यावा लागतो. वाढदिवसाला स्वतःच्या हातानं काहीतरी करून न्यावं लागतं, नाहीतर 'या वेळी माझ्याकडे नाहीत' असं मित्राला सांगावं लागतं. हे एक वाक्य पंधराव्या वर्षी बोलता आलं, तर तिशीत क्रेडिट कार्डाचे हप्ते थकवायची वेळ येण्याचा संभव बराच कमी होतो, असं मी कर्जखात्यात बसून काढलेल्या वर्षांच्या अनुभवावरून म्हणते.

कायदासुद्धा या बाबतीत आईबापांपेक्षा खंबीर आहे. अठरा वर्षांखालच्या माणसाला आपल्या कागदपत्रांत 'अज्ञान' म्हणतात. (माझा मोबाइल बिघडला की तो नीट करून देणारा शेजारचा सोळा वर्षांचा मुलगाही कायद्यानं अज्ञानच.) अज्ञानाला करार करता येत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. कलकत्त्याच्या एका सावकारानं अज्ञान मुलाची मालमत्ता गहाण घेऊन कर्ज दिलं, ते प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, आणि १९०३ साली निकाल लागला की असा करार मुळातच रद्दबातल. सावकाराला पैसेही परत मिळाले नाहीत. आम्हां बँकवाल्यांना हा खटला पाठच असे. आजही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं उघडून चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली तशी मुभा दिली आणि २०२५ मध्ये नियम नव्यानं घालून दिले. पण अट कायम आहे की खातं सदैव जमेत राहिलं पाहिजे, उचल मिळायची नाही. बँक ज्याला ओव्हरड्राफ्ट देत नाही, त्याला आपण घरी महिन्यातून तीनदा देतो, तेही परतफेडीशिवाय.

आता एक नवीनच अडचण आहे. २०१६ साली यूपीआय आलं, आणि दूधवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळीकडे तो काळा-पांढरा चौकोन टांगला गेला. सोय झाली, यात वाद नाही. पण पूर्वी महिनाअखेरीला आई डाळीच्या डब्यातून नोटा काढून मोजायची आणि पुन्हा ठेवून द्यायची, ते मुलं पाहायची. घरातला पैसा कमी झाला की डब्यात दिसायचा. आता वडील फोन पुढे करतात, 'टुंग' वाजतं, वस्तू घरी येते. त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षं तरी रोख रक्कमच द्यावी, असं माझं ठाम मत आहे. नोट मोडताना जरा जीव खालीवर होतो, तो व्हायला हवा. फोनवर सगळा हिशेब आपोआप राहतो, असं काही पालक सांगतात. राहतो. पण झालेल्या खर्चाची ती नोंद झाली. अंदाजपत्रक खर्चाच्या आधी लिहायचं असतं, आणि ते कुठलाही फोन तुमच्यासाठी लिहीत नाही. वहीचं एक पान पुरतं: डावीकडे ठरवलेलं, उजवीकडे झालेलं. ते पान मुलानं आपण होऊन दाखवलं तर पाहावं. रोज रात्री तपासायला बसलात, तर महिन्याभरात खोटा हिशेब लिहायला शिकेल. इन्स्पेक्शन येणार म्हटल्यावर शाखेत काय चालतं, ते मी पाहिलं आहे.

झाडांना पाणी घातलं की दहा रुपये, नव्वद टक्क्यांना हजार, हा प्रकार मला मुळीच पसंत नाही. घर काय कंत्राटदार आहे?

हे सगळं लिहिताना मला याची जाणीव आहे, की असंख्य घरांत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे पंधरा वर्षांचा मुलगा सुट्टीत काम करून घरात पैसे देतो, मुलगी आईबरोबर चार घरची कामं करते. त्या मुलांना अंदाजपत्रक शिकवायला जाऊ नये. बहुधा ती आपल्यालाच शिकवतील. मी बोलते आहे ती तुमच्या-माझ्यासारख्या, पगाराच्या तारखेवर चालणाऱ्या घरांबद्दल.

आणि या घरांतल्या मुलींबद्दल. मुलाला हातखर्च मिळतो, बाजारातून उरलेली मोडही त्याच्याच खिशात राहते. मुलीच्या बाबतीत 'तिला लागेल ते आम्ही आणून देतो ना!' हे मोठ्या प्रेमानं बोललं जातं. म्हणजे तिनं दर वेळी मागायचं, आणि दर वेळी 'कशाला?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तिला तेवढीच रक्कम, त्याच तारखेला, कारण न विचारता मिळाली पाहिजे. सॅनिटरी पॅडचा खर्च मात्र घराच्या यादीत हवा, तिच्या हातखर्चात नव्हे. एवढं शहाणपण अजून पुष्कळ सुशिक्षित घरांत नाही.

माझ्या शाखेत एका शिक्षिकेचं पगाराचं खातं होतं. नोकरी तीस वर्षांची. पगार तिचा, पण पासबुक यजमानांच्या खिशात. सही केलेली स्लिप घेऊन दर महिन्याला तेच येत. भला माणूस होता, व्यसन नाही, उधळपट्टी नाही. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी बाई प्रथमच काउंटरवर आल्या. खात्यात चांगली शिल्लक होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात मला विचारलं, 'यातले किती काढले तर चालतील?' हजारो मुलांना गणित शिकवलेली बाई होती ती. व्याजाची उदाहरणं फळ्यावर सोडवून दाखवत असेल. पण स्वतःचे शंभर रुपये कशावर खर्च करायचे, हे तिला कुणी तेराव्या वर्षी ठरवू दिलं नव्हतं, तेविसाव्या नाही आणि त्रेपन्नाव्याही नाही.

अज्ञान खातेदार अठरा वर्षांचा झाला की बँक नव्यानं नमुना सही घेते. मुलगे वडिलांबरोबर यायचे, चार वेळा सराव करून ऐटीत सही ठोकायचे. मुलींचे कागद पुष्कळदा एकटे वडीलच घेऊन यायचे. 'फॉर्म द्या, तिची सही घरून आणतो,' म्हणायचे. मी फॉर्म देत नसे. म्हणायचे, सही माझ्यासमोर झाली पाहिजे, तिला घेऊन या.