लाकडी चमचा आणि सुई

'क्रिस्टियाने एफ.' या जर्मन चित्रपटाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : हा चित्रपट प्रत्येक शाळेत, प्रत्येक कुमारवयीन मुलाला सक्तीने दाखवला पाहिजे. वाक्य उच्चारणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, स्वर गंभीर असतो, आणि ते उच्चारून झाल्यावर आपण समाजाचे काही देणे फेडले असे समाधानही त्याच्या मुद्रेवर दिसते. आमचा आक्षेप आहे तो या समाधानाला. हा चित्रपट मुलांना दाखवावयाचे औषध आहे ही समजूत आम्हाला चुकीची वाटते. इतकेच नव्हे, तर ती मोठ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी करून घेतलेली समजूत आहे असे आमचे मत आहे.

आधी चित्रपटाचे जे श्रेय आहे ते त्याला देऊ. उली एडेल यांनी १९८१ साली पडद्यावर आणलेली ही कथा कल्पित नाही. पश्चिम बर्लिनमधली क्रिस्टियाने तेराव्या वर्षी हेरॉइन घेऊ लागली आणि लवकरच त्या पैशासाठी शरीर विकू लागली. तिच्या भोवतीची पोरेही तिच्याच वयाची, फार तर दोन-चार वर्षांनी मोठी. प्रमुख भूमिकेतली नात्या ब्रुंकहोर्स्ट चित्रणाच्या वेळी स्वतः शाळकरी वयाची होती. तिच्या चेहऱ्यावरचे बालपण रंगभूषेने आणलेले नाही, म्हणूनच त्याचा ऱ्हास पाहवत नाही. स्थानकातल्या शौचालयाच्या भिंतीवरून उडी घेऊन तिच्या हातातली सुई हिसकावणारा व्यसनी. आपल्याकडचे गर्दुल्ले ज्याला 'टर्की' म्हणतात त्या यातनेत बंद खोलीत तडफडणारी दोन मुले. भिंतीवर उडालेली ओकारी. यातले काहीही दिग्दर्शकाने सुसह्य केलेले नाही. या धैर्याबद्दल आम्हाला आदर आहे.

प्रश्न असा, की या भयाचा उपयोग काय? भीतीने माणूस व्यसनापासून दूर राहतो असे मानणाऱ्यांनी ही कथाच पुन्हा नीट पाहावी. तिच्यातल्या एकाही मुलाला परिणामांची माहिती नव्हती असे नाही. मरणारे त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होते. १९७७ साली क्रिस्टियानेची मैत्रीण बाब्सी चौदाव्या वर्षी हेरॉइनने गेली आणि वर्तमानपत्रांत तिची बातमी झाली. एवढी जवळची ताकीद कोणत्याही शाळेला, कोणत्याही पडद्यावर देता येणार नाही. त्या ताकिदीनेही सुई सुटली नाही. मग खुर्चीत बसून दोन तास दुसऱ्याचे मरण पाहिल्याने ती सुटेल, किंवा हातीच येणार नाही, ही आशा कशाच्या बळावर?

याचे उत्तर शोधावयाचे तर चित्रपट जेथून आला त्या पुस्तकाकडे जावे लागते. काई हर्मान आणि होर्स्ट रीक या दोन पत्रकारांची क्रिस्टियानेशी गाठ पडली ती न्यायालयात. अल्पवयीन मुलींना हेरॉइनच्या मोबदल्यात भोगणाऱ्या एका प्रौढ माणसावर खटला चालू होता आणि ती साक्षीदार होती. दोन तासांची म्हणून ठरलेली मुलाखत दोन महिने चालली. 'श्टेर्न' साप्ताहिकाने १९७८ साली तिचे पुस्तक काढले. म्हणजे या साऱ्या कथनाचा उगम एका प्रौढाच्या गुन्ह्यात आहे. चित्रपटात ते न्यायालय नाही. तेथे गिऱ्हाइके येतात, पैसे देतात आणि अंधारात विरून जातात. पाहणाऱ्याला लक्षात राहते ती मुलगी; तिला विकत घेणारा लक्षात राहत नाही.

पुस्तकात आणखी एक वस्तू आहे : लाकडी चमचा. क्रिस्टियानेचे कुटुंब खेड्यातून ग्रोपिउसश्टाट या नव्या वसाहतीत अकराव्या मजल्यावर राहावयास आले. लहान मुलांचा हात उद्वाहकाच्या वरच्या बटनापर्यंत पोहोचत नसे, म्हणून खेळावयास जाताना ती स्वयंपाकघरातला चमचा बरोबर नेत. चमचा विसरला तर घर गाठणे मुश्कील, आणि घर वेळेवर गाठले नाही तर चड्डी ओली होणार. हिरवळीवर खेळण्यास मनाई करणाऱ्या पाट्या होत्या. घरात मारणारा बाप होता. वॉल्टर ग्रोपियस यांनी आखलेली ही वसाहत बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर मूळ कल्पनेपेक्षा अधिक उंच आणि अधिक दाट झाली. १९७५पर्यंत तेथे सुमारे साडेअठरा हजार घरे बांधून झाली. एवढ्या घरांमध्ये सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीचा विचार कोणी केला नाही.

आमच्या मते व्यसनाची कथा त्या चमच्यापासून सुरू होते. चित्रपट मात्र ती सुईपासून सुरू करतो. आरंभी वसाहतीविषयी चार कडवट वाक्ये येतात, आई अधूनमधून दिसते, आणि मग आपण थेट 'साउंड' या डिस्कोथेकच्या अंधारात उतरतो. मारणारा बाप पडद्यावरून जवळजवळ नाहीसाच होतो. पुस्तकात आईला स्वतंत्रपणे बोलू दिले आहे. आपले कोठे चुकले याचा ती जाहीर शोध घेते. चित्रपटातली आई केवळ कामात गुंतलेली एक बाई आहे. परिणामी जे उरते त्याचा अर्थ एवढाच, की एक मुलगी वाईट संगतीला लागली. असा अर्थ कोणत्याही पालकसभेत सुखेनैव सांगता येतो, कारण त्यात पालकांचा काही दोषच नाही.

यावर कोणी म्हणेल, की कलाकृती म्हणजे समाजशास्त्राचा प्रबंध नव्हे. जाड पुस्तकाचा चित्रपट करताना काटछाट होणारच. मान्य. पण काय वगळावे हा निर्णयही कलेचाच निर्णय असतो, आणि त्याचा जाब कलेच्याच भाषेत विचारता येतो. वगळलेल्या जागी काय आले ते पाहा. डेव्हिड बोवीचे संगीत आले. रात्रीच्या ओस बाजारसंकुलातून मुले धावत सुटतात आणि 'हीरोज' वाजू लागते, तो साऱ्या चित्रपटातला सर्वांत सुंदर क्षण आहे. बोवीची मैफल तर कथेतले वळणच आहे. त्याच रात्री क्रिस्टियाने पहिल्यांदा हेरॉइन घेते. आता योगायोग असा, की तो गायक १९७६ साली बर्लिनमध्ये राहावयास आला तोच मुळी अमेरिकेतल्या कोकेनच्या विळख्यातून सुटण्यासाठी. त्याच्यापाशी शहर बदलण्याची ऐपत होती, काम होते, मित्र होते. त्याच शहरातल्या चौदा वर्षांच्या मुलांपाशी स्थानकाचे शौचालय होते. हा विरोध म्हणजे खरा चित्रपट होता. तो कोणी काढला नाही.

शीर्षकाचे काय झाले तेही बोलके आहे. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'आम्ही, बानहोफ त्सोची मुले' असा. जर्मन चित्रपटाने त्याच्या आधी 'क्रिस्टियाने एफ.' जोडले, आणि जगभर गेले ते बहुधा तेवढेच. 'आम्ही' गळून पडले. एका मुलीचे नाव उरले. अनेकांची दशा एकीची दंतकथा झाली, आणि दंतकथेच्या वाट्याला चाहते येतात.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. १९८६ साली पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' उभे केले. त्यामागे अवचटांचे ब्राउन शुगरवरचे लेखन होते. 'गर्द' हे त्या पुस्तकाचे नाव. तेथेही आरंभ एका पत्रकाराने ऐकून घेण्यापासूनच झाला. पण त्या ऐकण्यातून घर उभे राहिले, उपचार उभे राहिले, आणि त्या उपचारांत घरच्या माणसांनाही सामील करून घेतले गेले. रुग्णाला भेडसावून सोडून देणे ही पद्धत त्यांनी पत्करली नाही.

चित्रपटाच्या शेवटी क्रिस्टियाने आपण वाचल्याचे सांगते. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून उठतो. खऱ्या क्रिस्टियानेला मात्र व्यसनाने पुढेही सोडले नाही. २०१३ साली तिने आपले पुढचे आयुष्य दुसऱ्या पुस्तकात सांगितले, त्यात हे स्पष्ट आहे. २०२१ साली याच कथेची आठ भागांची मालिका आली. तिने आईबापांना अधिक जागा दिली खरी, पण घाणीलाही अशी झळाळी दिली, की एडेल यांची राखाडी उदासी तिच्यापुढे प्रामाणिक वाटू लागावी.

तेव्हा हा चित्रपट अवश्य दाखवा, पण मुलांना सक्तीने बसवून नव्हे. पालकांना दाखवा, मुख्याध्यापकांना दाखवा, वसाहती आखणाऱ्यांना दाखवा. दिवे लागल्यावर त्यांना मुलांविषयी काही विचारू नका. एवढेच विचारा, की तुमच्या इमारतीतले बटन कोणाच्या उंचीचे आहे?