दवाखाना फडापर्यंत न्या

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांची आशाताई, अंगणवाडी आणि लसीकरणाची नोंद गावातच राहते. आजारपणात दिवस गेला तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. म्हणून बायका दुखणं अंगावर काढतात. त्यांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. आता कृती हवी. ऊसतोडीच्या फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांवर, फिरता दवाखाना यावा, गरोदर बाईची नोंद तिच्यासोबत जावी, आजारपणाचा खाडा बंद व्हावा. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना कारखान्यांना याच अटी घालाव्यात.