खाली आपण, वर भाडेकरू; पण पैसा कुठून?

पहिलं घर बांधताना खाली आपण राहावं आणि वर भाडेकरू ठेवावा, हा सल्ला जालन्यात सगळेच देतात. सल्ला चांगला आहे. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत बाहेरून आलेल्यांना खोल्या लागतातच. माझी अडचण पैशाची होती. बँकेचं कर्ज म्हणजे व्याज. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. मग आयुष्यभर भाड्यानेच राहायचं का?

मी मामूंसोबत भागीदारी केली. खर्च १२ लाख. निम्मे त्यांचे, निम्मे माझे. वरच्या मजल्याचं भाडं हिश्शाप्रमाणे वाटतो. मी राहतो त्या खालच्या मजल्यातही त्यांचा हिस्सा आहे, त्याचं भाडं मी त्यांना देतो. शिवाय दरवर्षी त्यांचा थोडा हिस्सा विकत घेतो. खोली रिकामी राहिली तर तोटा दोघांचा. व्याजात तो एकट्या कर्जदाराचा असतो.

‘घरचाच माणूस, कागद कशाला?’ असं म्हणू नका. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असं कुरआनच सांगतं. भाडेकरूचा करार तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी मालकाची.

आणि एक. पुण्यात माझं नाव ऐकताच खोली ‘आत्ताच गेली’ होती. आज मालक मी आहे. आडनाव ऐकून माझ्या दारातून कुणी परत जाणार नाही.